नाव न सांगता भरलेली कॅसेट

गेल्या महिन्यात जुन्या नाशकातले मामाचे घर रिकामे करायचे होते. माळ्यावरच्या बुटांच्या एका खोक्यात तीसेक कॅसेट आणि एक शंभर पानी वही निघाली. बहुतेक कॅसेटना बुरशी धरली होती आणि दोन-तीन कॅसेटमधली फीत चिकटून तिची वडी झाली होती. एकीच्या पट्टीवर मात्र माझ्याच अक्षरात, निळ्या शाईने, ‘इंग्लिश – नवीन – ३’ एवढेच लिहिलेले दिसले. गाणाऱ्यांचे नाव नव्हते. ते लिहायचे राहून गेले नव्हते, मामाने सांगितले म्हणून मुद्दाम गाळले होते. आत होता बी जीज या गटाचा १९८७ मधला ‘ई. एस. पी.’ हा अल्बम, म्हणजे सहा वर्षांच्या खंडानंतर तिघा भावांनी एकत्र येऊन काढलेला पहिला संच. त्याने युरोपात घवघवीत यश मिळवले आणि अमेरिकेत, जिथे त्यांनी सर्वाधिक कमावले होते तिथेच, तो आपटला. त्या आपटण्याबद्दल बरेच दिवस लिहायचे मनात होते, कारण त्याची एक छोटी आवृत्ती मी मामाच्या दुकानात स्वतः पाहिली आहे.

दुकान मेन रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत होते. जागा एवढी अरुंद की गिऱ्हाईक फळीबाहेर उभे राही आणि आम्ही दोघे आत एकमेकांचे कोपर चुकवत बसत असू. बाहेर ‘कॅसेट भरून मिळतील’ अशी पाटी होती. लोक ब्लँक कॅसेट घेऊन येत, सोबत वहीच्या फाडलेल्या कागदावर गाण्यांची यादी असे, आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन जात. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला तीस मिनिटे मावतात, तेव्हा शेवटचे गाणे मध्येच तुटू नये म्हणून यादीतली गाणी पुढेमागे करून मिनिटे जुळवण्याचे काम माझ्याकडे होते. कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी चार ते आठ मी तेच करीत असे. मामा स्पिरिटात बुडवलेल्या कापसाने डेकचे हेड पुसत असे आणि पंधरा दिवसांतून एकदा पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन नव्या कॅसेट आणत असे. हा सगळा व्यवहार कायद्याने चोरीचा होता, हे आज मान्य करायला हवे. तेव्हा गावोगावी तो उघड चालत असे आणि आम्हालाही त्यात काही वावगे वाटत नव्हते.

मागणी अर्थातच हिंदी चित्रपटांच्या गाण्यांना आणि प्रल्हाद शिंदे यांच्या भक्तिगीतांना असे. इंग्रजी गाण्यांचे गिऱ्हाईक तीन प्रकारचे होते : कॉलेज रोडवरची मुले, ओझरच्या विमान कारखान्यातले काही अभियंते, आणि देवळाली कॅम्पातल्या लष्करी अधिकाऱ्यांची कुटुंबे. १९८८ च्या उन्हाळ्यात तोपखान्यातल्या एका अधिकाऱ्याचा मुलगा ‘ई. एस. पी.’ची मूळ कॅसेट घेऊन आला. त्याचा काका पश्चिम जर्मनीत नोकरीला होता आणि सुटीवर येताना त्याने ती आणली होती. “तिकडे सगळीकडे हेच वाजतंय म्हणे,” असे तो मुलगा म्हणाला. एका रात्रीसाठी ती आमच्याकडे ठेवायला तो तयार झाला, त्या बदल्यात मामाने त्याच्या दोन कॅसेट फुकट भरून दिल्या.

पुढचे समजण्यासाठी हे तिघे भाऊ कोण होते ते थोडक्यात सांगावे लागेल. बॅरी गिब १९४६ चा, रॉबिन आणि मॉरिस हे जुळे १९४९ चे. तिघांचा जन्म आइल ऑफ मॅन या बेटावरचा, बालपण मँचेस्टरमध्ये, आणि १९५८ मध्ये आईवडिलांबरोबर ऑस्ट्रेलियाला स्थलांतर. १९६७ मध्ये ते इंग्लंडला परतले आणि त्याच वर्षी ‘मॅसॅच्युसेट्स’ हे त्यांचे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. तेव्हा त्यांचे संगीत हळवे, व्हायोलिनच्या साथीचे आणि सुरांच्या तिहेरी गुंफणीचे होते. १९६९ मध्ये भांडण होऊन रॉबिन बाहेर पडला, वर्षाभरात परत आला, १९७१ मध्ये अमेरिकेत त्यांना पहिल्यांदा पहिला क्रमांक मिळाला, आणि नंतर पुन्हा घसरण सुरू झाली. १९७४ पर्यंत परिस्थिती अशी झाली होती की हे तिघे उत्तर इंग्लंडमधल्या बॅटली येथे जेवणाच्या टेबलांसमोर कार्यक्रम करीत होते.

तिथून त्यांना वर काढले ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे मायामीचा मुक्काम, आणि दुसरे म्हणजे इस्तंबूलमध्ये जन्मलेला निर्माता आरिफ मार्डिन. १९७५ च्या ‘मेन कोर्स’ या अल्बमात मार्डिनने त्यांना अमेरिकी कृष्णवर्णीय संगीताच्या तालाकडे वळवले. ‘जाइव्ह टॉकिन’ या गाण्याची लय रोज स्टुडिओकडे जाताना पुलावरच्या सांध्यांवरून गाडीची चाके जाताना होणाऱ्या आवाजातून सुचली, ही हकीकत भावांनीच अनेकदा सांगितली आहे. याच काळात बॅरीला आपला फॉल्सेटो सापडला, म्हणजे पुरुषाने आपली नैसर्गिक पट्टी ओलांडून लावलेला तो बारीक, उंच आवाज. पुढे याच आवाजाने त्यांना शिखरावर नेले आणि पुढे याच आवाजासाठी त्यांना झोडपण्यात आले.

त्यांच्या गाण्यांनी गाजलेला ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ या चित्रपटाचा ध्वनिसंच १९७७ च्या अखेरीस आला आणि १९७८ मध्ये तो अमेरिकेच्या अल्बम यादीत सलग २४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. १९७७ ते १९७९ या काळात त्यांची सलग सहा गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. शिवाय सर्वांत धाकटा भाऊ अँडी गिब स्वतंत्रपणे गात होता आणि त्याची गाणीही हेच लिहून देत होते. रेडिओची सुई कुठेही फिरवली तरी गिब घराण्यातलाच कुणीतरी गातो आहे, असे अमेरिकन श्रोत्याला वाटू लागले असेल तर त्याला दोष देता येत नाही. मलाही सलग सहा महिने एकच भाजी कुणी वाढली असती तर मी ताट सरकवले असते.

ताट सरकवले गेले १२ जुलै १९७९ या दिवशी, शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानात. स्टीव्ह डाल या रेडिओ निवेदकाने लोकांना नको असलेल्या डिस्कोच्या, म्हणजे क्लबांत नाचण्यासाठीच्या याच संगीताच्या, तबकड्या आणायला सांगितले. तबकडी आणणाऱ्याला ९८ सेंटमध्ये प्रवेश होता. दोन सामन्यांच्या मध्ये तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला, हजारो लोक मैदानात घुसले, आणि यजमान संघाला दुसरा सामना सोडून द्यावा लागला. डिस्को मुळात कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी तरुणांच्या क्लबांमध्ये वाढलेले संगीत होते, त्यामुळे या रागात संगीताबाहेरचेही बरेच काही होते, असे नंतरच्या अभ्यासकांनी म्हटले आहे. गंमत अशी की या लाटेचा चेहरा म्हणून लोकांना आठवत होते ते मात्र दाढीवाले, पांढऱ्या सॅटिनच्या कपड्यांतले हे तीन इंग्रज भाऊ. काही रेडिओ केंद्रांनी तर ‘या शनिवार-रविवारी बी जीज नाहीत’ अशी जाहिरात करून श्रोते ओढले.

आपल्याकडचा काळ मात्र नेमका उलटा धावत होता. अमेरिकेत डिस्कोच्या तबकड्या जाळल्या गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी, १९८० मध्ये, ‘कुर्बानी’ आला, नाझिया हसनचा आवाज घराघरांत गेला, आणि १९८२ मध्ये ‘डिस्को डान्सर’ने त्यावर कळस चढवला. नाशकातही गणपतीच्या मंडपात फिरते दिवे लागले की त्याला ‘डिस्को लायटिंग’ म्हणत. अर्थात त्या लाटेचेही दिवस भरलेच. १९८८ पर्यंत कॉलेजातल्या मुलांच्या तोंडी ‘डिस्को’ हा शब्द भडक कपड्यांची आणि जुन्या झालेल्या फॅशनची टिंगल करण्यापुरता उरला होता. म्हणजे अमेरिकेच्या मागून नऊ वर्षांनी का होईना, आम्हीही त्याच वळणावर आलो होतो, आणि नेमकी तेव्हा ती कॅसेट आमच्या फळीवर पडली.

मधल्या काळात भावांनी काय केले, हा मला या कहाणीतला सर्वांत रंजक भाग वाटतो. १९८१ मध्ये ‘लिव्हिंग आइज’ हा अल्बम त्यांनी काढला, त्यात फॉल्सेटो मुद्दाम आवरला, नेहमीचे साथीदार बदलून नामवंत वादक घेतले, आणि तरीही तो अमेरिकेत ४१ व्या आणि ब्रिटनमध्ये ७३ व्या क्रमांकापलीकडे गेला नाही. त्याच सुमारास व्यवस्थापक रॉबर्ट स्टिगवुड याच्याशी कोर्टकज्जा झाला आणि तो न्यायालयाबाहेर मिटला. इतरांसाठी लिहिणे त्याआधीच सुरू झाले होते, स्वतःच्या नावावर काही विकत नाही हे स्पष्ट झाल्यावर त्यांनी त्यावरच भर दिला. बार्बरा स्ट्रायसँडचा १९८० चा ‘गिल्टी’ हा अल्बम बॅरीने घडवला आणि त्यातले ‘वुमन इन लव्ह’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. १९८२ मध्ये डिऑन वॉरविकसाठी ‘हार्टब्रेकर’ झाले. १९८३ मध्ये केनी रॉजर्स आणि डॉली पार्टन यांनी गायलेले ‘आयलंड्स इन द स्ट्रीम’ पुन्हा अमेरिकेत अव्वल ठरले, आणि ते ऐकणाऱ्या कित्येकांना ते ग्रामीण अमेरिकेतले अस्सल गाणे वाटले. चाल तीच, सुरांची गुंफण तीच, कित्येकदा मागच्या स्वरसाथीत बॅरीचा ओळखू येणारा आवाजही तोच. वेष्टनावरचा चेहरा तेवढा दुसऱ्याचा होता.

याला अपवाद नाही असे मात्र म्हणता येत नाही. १९८६ मध्ये डायना रॉससाठी त्यांनी लिहिलेले ‘चेन रिअॅक्शन’ ब्रिटनमध्ये तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होते, पण अमेरिकेत ते पहिल्या पन्नासांतही आले नाही. त्या गाण्यात गिब शैली इतकी उघडी आहे की पुढे रॉस असूनही मागे कोण उभे आहे ते लगेच कळते, हा माझा अंदाज. तो बरोबर असेल तर पुढच्याच वर्षी जे घडले त्याची ही सूचना होती असे म्हणायला हरकत नाही.

१९८७ मध्ये वॉर्नर ब्रदर्स या नव्या कंपनीसाठी तिघे पुन्हा आपल्या नावाने गायला उभे राहिले तेव्हा त्यांनी बारा वर्षांपूर्वीच्याच माणसाला, आरिफ मार्डिनला, बोलावले. हा निर्णय समजण्यासारखा आहे. ज्या वैद्याच्या औषधाने एकदा ताप उतरला त्याच्याकडेच माणूस पुन्हा जातो. ध्वनिमुद्रण मायामी बीचवरच्या त्यांच्या स्वतःच्या स्टुडिओत झाले. अल्बममधले पहिले गाणे म्हणून बाहेर आलेले ‘यू विन अगेन’ सुरू होते ते स्वरांनी नाही, जड ठोक्यांनी. लाकडी फळीवर बुटांनी आपटावे, पण त्याच वेळी लांब कुठेतरी लोखंडी दार बंद व्हावे, असा तो आवाज आहे. मॉरिसने तो आपल्या गॅरेजमध्ये वेगवेगळे आवाज एकावर एक रचून तयार केला होता. कंपनीतल्या लोकांना ते ठोके नको होते, ते काढून टाका असा आग्रह होता, आणि भाऊ हटले नाहीत.

त्या ठोक्यांनी माझीही एक रात्र खाल्ली आहे. मूळ कॅसेटवरून प्रत करताना लेव्हल, म्हणजे आवाज किती जोरात भरायचा ते, आधी बघून ठेवावी लागते, आणि सर्वसाधारणपणे पहिल्या अर्ध्या मिनिटात गाण्याचा अंदाज येतो. या गाण्यात पहिल्याच क्षणी काटा लाल पट्टीत जाऊन आदळला आणि प्रतीत ठोक्याऐवजी फाटलेला आवाज उतरला. पुन्हा मागे नेली, लेव्हल कमी केली, तर पुढचे गाणे कुजबुजल्यासारखे झाले. तिसऱ्या खेपेस मी ठोक्यांपुरता लेव्हलचा खटका खाली धरला आणि स्वर सुरू होताच हळूहळू वर नेला. मामा मागे उभा राहून ऐकत होता. त्याला इंग्रजी गाण्यांतले काही कळत नसे, पण नाशकात जन्म गेलेल्या माणसाला ठोका कळतो. तो म्हणाला, “हे तर ढोलावर टिपरू पडल्यासारखं वाजतंय. नुसता ठोकाच चांगला आहे, गाणं नसतं तरी चाललं असतं.”

गाणे मात्र हवेच होते. बॅरी त्यात श्वासाने भरलेल्या आवाजात, जवळ येऊन बोलल्यासारखा गातो, आणि ध्रुवपदात तिघांचे आवाज एकत्र आले की १९६७ आणि १९७७ दोन्ही एकाच वेळी ऐकू येतात. ‘द लाँगेस्ट नाइट’मध्ये रॉबिनचा तो थरथरता, रडण्याच्या काठावरचा आवाज आहे, आणि मला विचाराल तर अल्बममधले सर्वांत टिकाऊ गाणे तेच. उरलेल्या भागाबद्दल इतके चांगले बोलता येत नाही. त्या काळातल्या सिंथेसायझरचा आणि यांत्रिक ड्रमचा थर जागोजागी इतका जाड आहे की खालचे सूर शोधावे लागतात, आणि ‘बॅकटाफंक’ हे शेवटाकडचे गाणे तरुण दिसण्यासाठी काकांनी घातलेल्या जीनसारखे वाटते. म्हणजे अल्बम निर्दोष नव्हता. पण एकाच वस्तूत दोष असले तर ते सगळीकडे सारखेच दिसायला हवेत, आणि तसे झाले नाही.

ब्रिटनमध्ये ‘यू विन अगेन’ ऑक्टोबर १९८७ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेले आणि तिथे चार आठवडे राहिले. साठ, सत्तर आणि ऐंशी अशा तिन्ही दशकांत तिथे पहिला क्रमांक मिळवणारा हा पहिला गट ठरला. अल्बम ब्रिटनमध्ये पाचव्या, तर पश्चिम जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर होता. देवळालीच्या मुलाचा काका खोटे बोलत नव्हता. आणि अमेरिकेत हेच गाणे ७५ व्या क्रमांकावर थांबले, अल्बम ९६ व्या. कॅसेट हातात असताना मला यातले काहीच माहीत नव्हते. हे आकडे मी कितीतरी वर्षांनी, संगणक घरात आल्यावर वाचले, आणि ९६ हा आकडा छपाईची चूक असावी असे मला पहिल्यांदा वाटले.

एकच गाणे एका देशात पहिले आणि दुसऱ्यात पंचाहत्तरावे कसे, याचे एक कारण मोजण्याच्या पद्धतीतच आहे. ब्रिटनमधली गाण्यांची यादी तेव्हा केवळ विक्रीवरून ठरत असे. १९८३ पासून गॅलप ही संस्था निवडक दुकानांतल्या यंत्रांवरून विक्रीचे आकडे गोळा करीत होती. त्या देशात सगळ्यांनी ऐकावे असे एक राष्ट्रीय केंद्र होते, बीबीसीचे रेडिओ वन, आणि तिथे गाणे वाजले की शनिवारी दुकानात जाऊन लोक ते विकत घेत. अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’च्या मुख्य यादीत मात्र विक्रीबरोबर रेडिओवर किती वाजते यालाही वजन होते, आणि विक्रीचे आकडेही १९९१ पर्यंत दुकानदारांनी सांगितलेल्या क्रमांवरच विसंबून असत. तिथले रेडिओ एकाच केंद्राचे नव्हते. शेकडो खाजगी केंद्रे, प्रत्येकाचा आपला ठरलेला श्रोता, आणि प्रत्येक केंद्रात कोणते गाणे वाजवायचे ते ठरवणारा एक अधिकारी. त्याच्या टेबलावर आठवड्याला ढिगाने नवी गाणी येत. त्यातली बहुतेक नाकारायची हेच त्याचे काम असल्यामुळे नाकारायला एक सोपे कारण मिळाले की त्याचे काम हलके होई. वेष्टनावर बी जीज हे नाव असणे याहून सोपे कारण दुसरे कुठले असणार होते? केंद्राने वाजवले नाही की दुकानदार मागवत नाही, दुकानात नाही की विक्री नाही, विक्री नाही की पुढच्या आठवड्यात केंद्राला न वाजवायला आणखी एक कारण. श्रोत्याने गाणे नाकारले असे यात कुठेही घडत नाही, कारण ते त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही.

जर्मनीची गोष्टही थोडी वेगळी होती. तिथे डिस्कोची होळी झाली नव्हती, आणि भाऊ एकत्र नसतानाही रॉबिनचे ‘ज्युलिएट’ हे स्वतंत्र गाणे १९८३ मध्ये तिथे पहिल्या क्रमांकावर गेले होते. गिब या आडनावाची तिथली चूल कधी विझलीच नव्हती, त्यामुळे ‘ई. एस. पी.’ तिथे पुनरागमन म्हणून नव्हे, तर नेहमीच्या माणसाचा नवा माल म्हणून विकला गेला असावा.

आता आमच्या गल्लीकडे येते. दिवाळीच्या तोंडावर, गर्दी असताना, मामाने ती प्रत बाहेरच्या स्पीकरवर लावली. दोन मिनिटांत कॉलेजातला एक मुलगा सायकलवरून उतरला, एक पाय फुटपाथवर टेकवून त्याने पूर्ण गाणे ऐकले आणि विचारले, “ताई, हे कुणाचं? आज भरून मिळेल का?”

मी उत्साहाने म्हणाले, “बी जीज. नवीन आहे, जर्मनीहून आलंय.”

“बी जीज? ते डिस्कोवाले?” तो हसला. “अजून गातात का ते? राहू द्या. ‘तेजाब’ची आली का?”

त्याच दिवशी आणखी दोघांच्या बाबतीत थोड्याफार फरकाने हेच झाले. त्यांतल्या एकाने तर आधी फळीवर कॅसेट ठेवलीही होती आणि नाव ऐकल्यावर ती परत खिशात घातली. मला राग आला. कानांनी जे आवडले ते नावाने नावडते कसे होते, हे मला कळेना, आणि मी मामाजवळ त्या मुलांना बरीच नावे ठेवली. मामा शांतपणे हेडवरचा कापूस फिरवत राहिला. “अगं, चूक त्यांची नाही, तुझी आहे,” तो म्हणाला. “विचारल्याबरोबर नाव कशाला सांगतेस? वाजू दे. विचारलं तर म्हण, नवीन इंग्लिश आहे. पट्टीवरही तेवढंच लिही. घरी नेऊन आठ दिवस ऐकू दे, मग कळलं तर कळलं.”

मामाने जे एका वाक्यात सांगितले तेच गिब बंधू सहा वर्षे करीत होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. स्ट्रायसँड काय, वॉरविक काय, पार्टन आणि रॉजर्स काय, या सगळ्या त्यांच्या ‘इंग्लिश – नवीन – ३’ लिहिलेल्या पट्ट्याच होत्या. १९८७ मध्ये त्यांनी पट्टी काढली आणि आपले नाव लिहिले. व्यापाराच्या दृष्टीने ती चूक होती, असे अमेरिकेतले आकडे सांगतात. पण एकेकाळी मैदाने भरवलेल्या माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या नावामागे उभे राहावे अशी अपेक्षा करणे मला जमत नाही. शिवाय त्या अल्बममधल्या ‘धिस इज युअर लाइफ’ या गाण्यात त्यांनी स्वतःच्याच जुन्या गाण्यांची नावे गुंफली आहेत. गाणे म्हणून ते बेताचे आहे. तरी ज्या वेळी आपले पूर्वायुष्य लपवण्यात शहाणपण होते नेमक्या त्याच वेळी ते मोठ्याने मोजून दाखवण्याचा हट्ट मला आवडतो.

पुढे ते नाव अमेरिकेतही थोडे धुऊन निघाले. मार्च १९८८ मध्ये अँडी गिब तिशी ओलांडून पाच दिवसांनी गेला. त्या आघातानंतर भावांनी काढलेल्या अल्बममधले ‘वन’ हे गाणे १९८९ मध्ये तिथे सातव्या क्रमांकापर्यंत पोचले. दहा वर्षांत तिथल्या पहिल्या दहांत आलेले त्यांचे ते पहिले गाणे. मला ते ‘यू विन अगेन’पेक्षा बरेच सपक वाटते. दोन वर्षांत गाणारे बदलले नव्हते आणि आवाजही बदलला नव्हता. डिस्कोचा राग जुना होऊन गेला होता, एवढाच फरक पडला असावा. मॉरिस २००३ मध्ये गेला, रॉबिन २०१२ मध्ये. आता एकटा बॅरी आहे.

खोक्यातली कॅसेट मी दुरुस्त करून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर लावून पाहिली. पहिले ठोके अजूनही किंचित फाटतात, आणि स्वर सुरू होताना मी खटका वर नेल्याचे स्पष्ट ऐकू येते. मग वही उघडली. मामा प्रत्येक भरलेल्या कॅसेटची नोंद ठेवत असे : तारीख, काय भरले, पैसे आले की बाकी. १९८८ च्या दिवाळीपासून पुढच्या गणपतीपर्यंतची पाने मी बोट ठेवून मोजली. ‘बी जीज’ असे चार ठिकाणी लिहिलेले आहे आणि चारही ठिकाणी पुढे ‘जुनी’ असा शेरा आहे, म्हणजे ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’. ‘इं. न. ३’ अकरा वेळा आहे. त्यांतल्या एका नोंदीवर पेन्सिलीने आडवी रेघ मारून मामाने बाजूला बारीक अक्षरात लिहिले आहे : ‘परत. नाव कळले.’